गारद

एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद करत होते. कथेतला माणूस जुन्या बंगल्याच्या फाटकाशी बसतो, आल्यागेल्याची नोंद ठेवतो, आणि शेवटी त्याच बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकिणीला फाटकाबाहेर पडू देत नाही. मूळ लेखकाने त्याला नाव दिलेले नाही. सबंध कथाभर तो नुसता 'गार्ड' आहे. शब्द इंग्रजी, लिपी कन्नड. पहिल्या खर्ड्यात मी त्याला 'सुरक्षारक्षक' केले. वाक्ये बिनचूक झाली आणि माणूस नाहीसा झाला.

'सुरक्षारक्षक' हा काही मी घरी बनवलेला शब्द नाही. महाराष्ट्राच्या १९८१च्या खाजगी सुरक्षारक्षकांविषयीच्या कायद्याच्या नावातच तो आहे. बँकेच्या दारावर, इस्पितळाच्या गणवेशावर, नोकरभरतीच्या जाहिरातीत तो रोज दिसतो. पण तो जरा फोडून पाहावा. आधी 'सु', मग 'रक्षा', मग पुन्हा 'रक्षक'. एका शब्दात दोनदा राखण, वर ती चांगली असल्याची ग्वाही. इतक्या राखणीत कथेतल्या माणसाचे खरे काम कुठेच उरत नाही. तो कोणाचे रक्षण करताना एकदाही दिसत नाही. तो पाहतो. कोण आले, किती वाजता, कोणाकडे, हातात काय. कथेतली भीती त्या पाहण्यातून येते. 'रक्षक' म्हटले की वाचक निर्धास्त होतो. त्याने तर बेचैन व्हायला हवे.

मग वाटले, मूळ इंग्रजी शब्दात हे पाहणे आहे, की लेखकाने ते कथेच्या जोरावर त्यात भरले? कोश उघडले, आणि अनुवाद दोन महिने बाजूला राहिला.

संरक्षणाशी संबंधित इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाच्या तळाशी वेगळे चित्र आहे. 'प्रोटेक्ट' म्हणजे लॅटिनमध्ये पुढून झाकणे. आपल्या 'छत्र धरणे'च्या जवळचे. 'डिफेंड' म्हणजे मारून दूर सारणे. 'सेफ' ज्या लॅटिन शब्दावरून आला तो आपल्या 'सर्व'चा नातलग आहे: जे अखंड राहिले ते सेफ. 'सिक्युअर'ची मौज निराळी. तो 'काळजीविना' या अर्थाचा शब्द, म्हणजे सुरक्षित माणूस हा मुळात निष्काळजी माणूस! 'गार्ड'च्या तळाशी मात्र ना छप्पर आहे, ना ढाल, ना तलवार. तिथे डोळा आहे.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून. त्या बोलीत या धातूचा अर्थ पाहत राहणे, लक्ष ठेवणे. त्याच धातूचे इंग्रजीचे घरचे, फ्रेंच वळसा न घेतलेले रूप म्हणजे 'वॉर्ड'. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीने आरंभीचा 'व' टिकवला, मध्य फ्रान्समध्ये त्याचा 'ग' झाला, आणि इंग्रजीने लोभाने दोन्ही उचलले. म्हणून तिच्यात वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी अशा जोड्या आहेत. 'रिगार्ड' आणि 'रिवॉर्ड' हा तर मूळचा एकच शब्द. कोणीतरी आपल्याकडे पाहिले, दखल घेतली, त्यातून बक्षीस. 'अवेअर', 'बिवेअर' याच कुळातले. 'लॉर्ड' हा मुळात भाकरी राखणारा, 'स्ट्यूअर्ड' वाड्याचा राखणदार, आणि आपल्या फ्लॅटमधला 'वॉर्डरोब' कपड्यांचा पहारेकरी.

फ्रेंचमध्ये आजही 'गार्दे' म्हणजे राखणे आणि 'रगार्दे' म्हणजे पाहणे. इटालियनमध्ये 'ग्वार्दारे' म्हणजे पाहणे. स्पॅनिशमध्ये 'ग्वार्दार' म्हणजे जपून ठेवणे. एका आईच्या दोन मुली दोन घरी गेल्या, एकीने डोळे नेले, दुसरीने किल्ल्या. इंग्रजीने किल्ल्या घेतल्या आणि डोळे विसरली. आपण इंग्रजीकडून घेतले तेव्हा किल्ल्यांचा जुडगाच घेतला.

खरे तर आपल्याकडे डोळ्यांची वाण नव्हती. 'झाडांची निगा राखा' असे आपण सहज म्हणतो. ही 'निगा' म्हणजे फारसी 'निगाह', दृष्टी. 'निगराणी'ही तिथलीच. 'पहारा' हा 'प्रहर'वरून आला, म्हणजे रात्रीचा जो तुकडा जागून काढायचा तो. इंग्रजीच्या 'वॉच'मध्येही जागणे आहे. तो आणि 'वेक' एकाच मुळाचे. गावच्या रात्रीच्या राखणदाराला मराठीत 'जागल्या' म्हणत. याहून नेमका शब्द कोणी करून दाखवावा. 'सावध' म्हणजे अवधान असलेला, अवेअर. कवायतीच्या मैदानावर आणि बोहल्यावर एकच हाक दिली जाते ती याचीच. आणि 'पाळत'! 'पाळणे' या मायेच्या क्रियापदाच्या घरातली ही लेक, पण 'पाळत ठेवली' म्हटले की गुप्त पोलीसच डोळ्यांपुढे येतो.

संस्कृतलाही ही गोष्ट ठाऊक होती. 'गोप' म्हणजे गाई राखणारा. त्यावरून 'गुप्' म्हणजे राखणे. आणि त्यावरून 'गुप्त', 'गोपनीय'. राखता राखता लपवणे आले. 'रक्ष्' धातूविषयी तर वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात एक व्युत्पत्तिकथा आहे. प्रजापतीने पाणी निर्माण केले आणि ते राखायला प्राणी निर्माण केले. त्यांतल्या ज्यांनी 'आम्ही राखतो' असे म्हटले ते राक्षस झाले. व्याकरणकार या व्युत्पत्तीला मान देवोत न देवोत. ज्याने ती रचली त्याने राखणदार जवळून पाहिलेले असणार.

मी स्वतः राखणदार पहिल्यांदा जवळून पाहिला तो मुलींच्या वसतिगृहात. त्या बाईंना आम्ही 'वॉर्डन' म्हणायचो, आणि हा शब्द नुसता पदाचा आहे असे समजायचो. साडेसातला वही यायची. सही केली नाही तर घरी पत्र. बाहेरगावच्या मुलींना 'लोकल गार्डियन' लागे, आणि तो पुरुष असावा असा अलिखित नियम होता. माझ्या मैत्रिणीची सख्खी मावशी त्याच गावात होती, पण फॉर्मवर मावशीच्या यजमानांचे नाव लिहावे लागले. आमच्या रक्षणासाठी हे सगळे होते. त्या चार वर्षांत फाटकाबाहेरच्या कोणाकडे त्या वहीने पाहिल्याचे मला आठवत नाही. ती आमच्याकडे पाहत होती.

फॉर्मवरचा हा 'गार्डियन' पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथे नेणारी एक लेखिका होती, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला आवडेल. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६चा. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि 'त्याच्यानंतर' माता. गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा पालक म्हणून आईची सही चालेना. १९९९च्या निकालात न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. त्यातला 'नंतर' हा एक शब्द वाचला. 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, त्याच्या गैरहजेरीतही. बाप लक्ष घालत नसेल तर तो जिवंत असूनही गैरहजरच. मला हा निकाल कायद्याइतकाच साहित्यसमीक्षेचा वाटतो, आणि समीक्षा म्हणून थोडा भित्रा. एका अव्ययाचा अर्थ ताणून आईला आत घेतले, पण वाक्यातला क्रम तसाच ठेवला. मात्र पाहतो कोण, यावर पालकत्व ठरते, ही जुनी जर्मानिक गोष्ट त्यात नकळत परत आली.

आता मूळ शब्दाकडे. 'गार्ड' मराठीत आला तो काही परवा बँका आणि सोसायट्यांबरोबर नव्हे. अठराव्या शतकातच तो आला आणि पार मराठी होऊन बसला: 'गारद'. पलटणीची गारद, दारावरची गारद. यातून 'गारदी' आला असे सर्रास सांगितले जाते. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले पायदळ ते गारदी. इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, मग सदाशिवरावभाऊंकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर लढला. व्युत्पत्ती मात्र वाटते तितकी सरळ नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये दुसरीही वाट दाखवली आहे: अरबी 'घर्बी', म्हणजे पश्चिमेकडचा. कोकण-कानडा किनाऱ्यावरच्या अरब आणि हबशी शिपायांना हे नाव होते, ते फ्रेंचांच्या आणि इथल्यांच्या तोंडी 'गारदी' झाले. त्यांचा कल या दुसऱ्या बाजूला दिसतो. माझा कल नक्की नाही. मराठी कानाने मात्र निकाल केव्हाच देऊन टाकला आहे. त्याला 'गारदी'त 'गारद'च ऐकू येते.

आणि त्या कानाला आणखी एक 'गारद' ऐकू येते. 'पाहुण्यांचा डाव नव्वद धावांत गारद.' ही गारद फारसी 'गारत'वरून आलेली; लूट, नाश. दोन वेगळ्या भाषांतून दोन शब्द निघाले, वाटेत झिजले, आणि मराठीत एकाच उच्चारावर येऊन उभे राहिले. एकाचा अर्थ राखणे, दुसऱ्याचा धुळीला मिळवणे. असे योगायोग सगळ्याच भाषांत होतात, त्यांतून अर्थ काढू नये, असे माझे भाषाविज्ञानाचे शिक्षक बजावून सांगत. पण ३० ऑगस्ट १७७३च्या दुपारी शनिवारवाड्यात जे घडले त्यानंतर मराठी माणसाने या योगायोगातून अर्थ काढला नसता तरच नवल.

ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. शाळेतून, खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तून, प्रभातच्या 'रामशास्त्री'तून. अमराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पेशवा नारायणराव अठरा वर्षांचा. त्याचा काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ यांचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करत वाड्यात शिरले. पोरगा काकाकडे धावला, 'काका, मला वाचवा' म्हणाला म्हणतात, आणि काकाच्या डोळ्यांदेखत मारला गेला. दंतकथा अशी की मूळ चिठ्ठीत 'नारायणरावास धरावे' होते, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. त्यावरून मराठीला एक वाक्प्रचार मिळाला, आणि एका बाईला दोनशे वर्षांचा कलंक.

आनंदीबाईंची बाजू अनेकांनी मांडली आहे. मला इथे वेगळेच म्हणायचे आहे. ही दंतकथा वाचताना आपण सगळे 'मा'कडे पाहतो. पाप एका अक्षरात गोळा होते, आणि मूळ मजकूर धुतल्या तांदळासारखा उरतो. पण 'धरावे' म्हणजे काय? राज्याच्या धन्याला, त्याच्याच घरात, त्याच्याच पहाऱ्याने पकडावे. अक्षर बदलायच्या आधीच पहारा उलटा फिरलेला आहे. तो बाहेर पाहायचा सोडून आत पाहू लागला आहे. 'धरणे' आणि 'मारणे' यांत अंतर आहे, मोठे आहे, पण ते एका चिठ्ठीत एका फटकाऱ्याने पार होऊ शकते, एवढे तरी ही दंतकथा जाणते. आपण मात्र तिच्याकडून फक्त 'अक्षर नीट वाचा' एवढेच शिकलो. पोलीस कोठडीतल्या मृत्यूची बातमी येते तेव्हा आपण पुन्हा तेच करतो. 'मा' कोणी केला ते शोधतो. 'ध' कोणी लिहिला ते विचारत नाही.

शिवाय दृश्याची मांडणी पाहा. रघुनाथराव नजरकैदेत, म्हणजे ज्याच्यावर नजर आहे असा. नारायणराव राज्याचा धनी, म्हणजे ज्याच्यासाठी नजर आहे असा. गारदी नजर ठेवणारे. दुपारभरात तिघांच्या जागा बदलल्या. 'रक्षक' हा शब्द घेऊन हे दृश्य लिहायला बसलात तर हाती फक्त विश्वासघात लागतो, 'रक्षकच भक्षक' ही गुळगुळीत जोडी लागते. 'गारद' घेऊन बसलात तर दिसते की पाहणारा डोळा तोच होता. तो कोणाच्या हुकमाने कुठे वळतो एवढाच प्रश्न होता. पहारेकऱ्याची रात्रीची जुनी हाक इथे आठवते. 'हू कम्स देअर?' हा इंग्रज पलटणीतला प्रश्न हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडी 'हुकूमदार!' झाला. प्रश्न गेला, हुकूम उरला.

उलट बाजूही आहे, आणि ती 'रक्षक'ने साफ पुसली जाते. पाहणाऱ्यावरही कोणी पाहत असतो. महाराष्ट्रात गावोगाव राखणीचे काम रामोशांकडे असे. चोरी झाली तर माग काढणे त्यांचे काम, आणि माग लागला नाही तर संशय त्यांच्यावरच. इंग्रजांनी १८७१पासून गुन्हेगार जमातींचे कायदे केले. त्या वारशामुळे रामोशी आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ज्यांच्याकडे गावाची राखण त्यांच्यावरच सरकारची पाळत. सोसायटीच्या फाटकाशी बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आता कॅमेरा असतो. तो चोरासाठी आहे असे आपण म्हणतो. तो झोपला का, ते पाहण्यासाठीही आहे.

मी हे सारे ज्या घरात बसून वाचत होते ते म्हैसूरच्या नजरबादमध्ये आहे. जुन्या इंग्रजी नोंदींत हे नाव नजराबाद असे येते. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना कोट पाडला आणि त्याचे दगड नेऊन मैलभर पूर्वेला, थोड्या उंचवट्यावर नवा किल्ला मांडला, तो हा. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, पाच वर्षांच्या कृष्णराजाला गादीवर बसवले गेले, आणि तेच दगड उलट्या वाटेने पुन्हा म्हैसूरच्या कोटात गेले. कोणाचेही रक्षण न करता संपलेला किल्ला. राहिले ते नाव. त्यातली 'नजर' कोणती, हा प्रश्न मराठी कानाला पडतोच, कारण मराठीत दोन नजरा आहेत: दृष्टीची अरबी 'नजर', आणि नजराण्यातली, भेट म्हणून 'नजर करण्या'तली. अरबीत ती दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे दोन्हींचे एक झाले. वस्ती उंचवट्यावर आहे, म्हणून मला पहिली बरी वाटते. रोज संध्याकाळी चढ चढून घरी येते तेव्हा तर नक्कीच.

वडील गेल्यावर आई बेळगावहून माझ्याकडे आली. वय एक्याऐंशी. रस्ते विसरते. एकदा दोसा खायला म्हणून एकटी बाहेर पडली आणि कारंजी तलावाच्या बाजूला सापडली. मग मी फाटकावरच्या अण्णांना कन्नडमध्ये सांगितले, 'अम्मन मेले कण्णिडि.' म्हणजे, अम्मावर डोळा ठेवा. कन्नड 'मेले' म्हणजे 'वर'. मला वाटले आई वर गॅलरीत आहे. ती जिन्यातच उभी होती. बेळगावात जन्म काढलेल्या बाईपासून कन्नडमध्ये काही लपत नाही.

"मेले नाही अजून," ती मराठीत म्हणाली. "नि माझ्यावर नजर कसली ठेवायला सांगतेस? मी काय चोर आहे?"

मी म्हटले, "अगं, काळजीपोटी सांगितलं."

"मग तसं सांग की. 'नोड्कोळ्ळि' म्हण."

'नोडु' म्हणजे पाहा. 'नोडिकोळ्ळु' म्हणजे सांभाळ, काळजी घे. शब्दशः पाहून घे, पण मराठी 'पाहून घेईन'सारखी त्यात धमकी नाही. आईने एका क्रियापदात माझा दोन महिन्यांचा अभ्यास उरकला. 'गार्ड'मध्ये पाहणे आहे हे मला कळले होते. पाहणे काळजीचे की कैदेचे, हे धातूत नसते, ते शेजारच्या छोट्या प्रत्ययात असते, हे कळले नव्हते. मराठीतच पाहा. 'मुलीला बघ' म्हणजे स्थळ. 'मुलीकडे बघ' म्हणजे ती रडतेय, उचल. 'मुलीवर नजर ठेव' म्हणजे संशय आहे. 'मुलीचं बघ' म्हणजे तिच्या लग्नाचे, नोकरीचे, काहीतरी मार्गी लाव. डोळा तोच. 'वर' म्हटले की तो उंचावर चढतो. 'कडे' म्हटले की समोर येऊन बसतो. इंग्रजी 'गार्ड' हे सरळ कर्म घेते, मध्ये काही नाही, म्हणून त्यात दोन्ही दडून राहतात: गार्ड कैद्यालाही गार्ड करतो आणि राणीलाही. 'रक्षण करणे' हे कैद्याच्या बाबतीत मराठीत म्हणताच येत नाही. अनुवाद तिथे फसत होता.

तेव्हापासून आई दुपारी फाटकाशी अण्णांशेजारी खुर्ची टाकून बसते. एका संध्याकाळी मला उशीर झाला. मी चढ चढून आले तर अण्णा लांबूनच म्हणाले, 'अम्मा निमगे काय्ता इद्दारे.' अम्मा तुमची वाट पाहतायत. कन्नडमध्ये 'कायु' म्हणजे वाट पाहणे, आणि 'कायु' म्हणजेच राखणे. 'कावलु' म्हणजे पहारा. म्हैसूरच्या राजांच्या अमृतमहाल गुरांसाठी राखलेली कुरणे ती 'कावल'. बोलीत सहसा 'निमगे', तुम्हाला, असे चतुर्थीत म्हटले की वाट पाहणे. द्वितीया आली की राखणे पुढे येते. इथेही पुन्हा प्रत्ययच. इंग्रजीचा 'वेट'सुद्धा उत्तर फ्रेंचमधून आलेला, 'वॉच'च्या कुळातला शब्द. पूर्वी त्याचा अर्थ टपून राहणे असा होता. मराठीत आपण वाट 'पाहतो'. पहारेकरी आणि वाट पाहणारी आई यांना कन्नड एकच क्रियापद देते, आणि माझ्या फाटकाशी ती दोघे एकाच उंचीच्या खुर्च्यांवर बसलेली होती.

त्या आठवड्यात अनुवाद पुन्हा हातात घेतला. 'सुरक्षारक्षक' सगळीकडून काढला. 'पहारेकरी' लिहून पाहिला; बंगल्याचा एकदम वाडा झाला. 'गार्ड' तसाच ठेवला तर मराठी वाचकाला रेल्वेच्या शेवटच्या डब्यातला हिरवा बावटा दिसतो. शेवटी जो शब्द पुण्या-मुंबईचे, सांगली-कोल्हापूरचे लोक खरोखर वापरतात तोच घेतला: 'वॉचमन'. तोही इंग्रजीच, पण आपल्या बोलीने निवडलेला, आणि पाहणे त्यात उघड्यावर आहे. सरकारी मराठीने जे झाकले ते बोलणाऱ्यांनी झाकले नव्हते.

एक वाक्य राहिले. कथेच्या शेवटी म्हातारी मालकीण बंद फाटकाशी येते आणि त्याला विचारते, 'नीनु यारन्न काय्तीया?' द्वितीया, म्हणून 'तू कोणाला राखतोस?' पण तिने हे ज्या वेळी, ज्या आवाजात विचारले आहे त्यात 'तू कोणाची वाट पाहतोस?' हेही आहे, आणि लेखकाला दोन्ही हवे आहेत. मी सहा पर्याय लिहिले. एकात पहारा यायचा आणि वाट जायची, दुसऱ्यात उलट. आईला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले, कथेतली बाई किती वर्षांची ते विचारले, आणि म्हणाली, "ती म्हणेल, 'कुणासाठी बसलायस रे?'"

तेच ठेवले आहे.